पालकांना हक्क मिळाला, जबाबदारीचे काय?

कॅथलिक चर्चमध्ये बाळाच्या स्नानसंस्काराला, म्हणजेच बाप्तिस्म्याला, आरंभ होतो तो पाण्याने नव्हे, तर आईवडिलांना विचारलेल्या प्रश्नांनी. बाळाचे नाव काय ठेवले, चर्चकडे त्याच्यासाठी काय मागता, हे विचारून झाले की धर्मगुरू त्यांना आठवण करून देतात, की या मुलाला श्रद्धेत वाढविण्याची जबाबदारी तुम्ही पत्करीत आहात. ती तुम्हांला नीट उमगली आहे ना? आईवडील होकार देतात. पुढे तेल, पाणी, पांढरे वस्त्र, मेणबत्ती, छायाचित्रे आणि जेवणावळ या साऱ्या गडबडीत त्या एका होकाराचे वजन फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही. धर्मपिता आणि धर्ममाता यांनाही विचारले जाते, पण ते मदतनीस म्हणून. मुख्य कबुली आईवडिलांचीच असते.

चर्चच्या कायद्याची भाषा याहून नेमकी आहे. १९८३च्या कॅनन कायद्यातील कलम ११३६ सांगते, की मुलांचे शारीरिक, सामाजिक, सांस्कृतिक, नैतिक आणि धार्मिक संगोपन हे आईवडिलांचे अत्यंत गंभीर कर्तव्य आहे आणि त्यांचा प्रथम हक्कही आहे. कर्तव्य आणि हक्क एकाच वाक्यात. त्याच्या मुळाशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी संमत केलेला ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा आहे. आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत, त्यांची उणीव दुसरे कोणी भरून काढणे जवळपास अशक्य, असा त्याचा आशय. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या जाहीरनाम्याला साठ वर्षे पूर्ण झाली. या साठ वर्षांत भारतातील, विशेषतः गोवा आणि वसई या आपल्या परिचयाच्या प्रदेशांतील ख्रिस्ती पालकांनी त्या वाक्याच्या दोन भागांचे काय केले, याचा हिशेब मांडण्यासारखा आहे.

आपल्याकडे ख्रिस्ती शिक्षणाची चर्चा निघाली, की ती पालकांपर्यंत पोहोचतच नाही. ती संस्थांपाशी थांबते. कॉन्व्हेंटमधील प्रवेश, देणग्या, शिस्त, घटनेच्या कलम ३० खालील अल्पसंख्याकांचे अधिकार, आणि अधूनमधून धर्मांतराचे आरोप. शहरी मध्यमवर्गाला मिशनच्या शाळेविषयी एकाच वेळी आकर्षण आणि संशय वाटत आला आहे. मुलाला तिथे प्रवेश मिळावा म्हणून पहाटेपासून रांग लावायची आणि नंतर त्याच शाळेवर अग्रलेख वाचून मान डोलवायची, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. या गदारोळात एक साधी वस्तुस्थिती हरवते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशातील धार्मिक अल्पसंख्याकांच्या लोकसंख्येत ख्रिस्ती ११.५४ टक्के असले, तरी अशा अल्पसंख्याक शाळांपैकी ७१.९६ टक्के शाळा ते चालवितात, आणि त्या शाळांतील ७४.०१ टक्के विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत. आयोगाने या आकड्यांचा उपयोग अल्पसंख्याक शाळांना मिळणाऱ्या सवलतींवर बोट ठेवण्यासाठी केला. पण त्यातून निघणारा दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे. ज्या शाळेत चारांतील तीन मुले इतर धर्मांची आहेत, ती शाळा ख्रिस्ती मुलाला ख्रिस्ती म्हणून वाढविणारी शाळा असूच शकत नाही. ती सर्वांची शाळा आहे.

आणि तसे असण्यात गैर काहीच नाही. घटनेचे कलम २८(३) हेच सांगते, की अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेत अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षण देता येणार नाही. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना ज्या सूचना दिल्या, त्यांतही इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी घटनेची उद्देशिका म्हणावी, असे सुचविले आहे. तेव्हा ख्रिस्ती मुलाच्या वाट्याला शाळेत येते ते नीतिशिक्षण, आणि फार तर वेगळ्या खोलीत किंवा रविवारी भरणारा धर्मशिक्षणाचा वर्ग. बाकीचे सारे ओझे, कायद्याने आणि व्यवहाराने, फिरून घराच्या उंबरठ्याशी येऊन पडते.

घराला ते पेलता यावे, यासाठी एक अगदी प्राथमिक गोष्ट लागते. आईला आणि मुलाला एकच पुस्तक वाचता आले पाहिजे. ही गोष्ट इतकी उघड आहे, की तिच्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही. गोव्यातील शिक्षणमाध्यमाचा वाद तीस-पस्तीस वर्षे चालला तो बहुतांशी या दुर्लक्षावर.

१९८७च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणी राजभाषा झाली. कायद्याने कोकणी म्हणजे देवनागरी लिपीतील कोकणी. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना सरकारने धोरण ठरविले, की प्राथमिक शाळांना अनुदान हवे असेल, तर शिक्षण प्रादेशिक भाषेतून दिले पाहिजे. धोरण बालमानसशास्त्राला धरून होते. ज्या भाषेत मूल स्वप्ने पाहते त्या भाषेत त्याने अक्षरे गिरवावीत, यावर दुमत होण्याचे कारण नाही. आर्चडायोसिसच्या शिक्षणसंस्थेने आपल्या शंभराहून अधिक प्राथमिक शाळांचे माध्यम बदलून कोकणी केले. शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न होता. त्यामुळे हा निर्णय केवळ मातृभाषेच्या प्रेमाने झाला, असे मानण्याचे कारण नाही. तरीही त्या काळात खासगी इंग्रजी शाळांकडे ओढा असताना चर्चने हे पाऊल उचलले, याचे श्रेय द्यायला हवे.

अडचण निघाली ती लिपीची. गोव्यातील कॅथलिक कोकणी बोलतो, कोकणीत प्रार्थना करतो, कोकणीत तियात्र पाहतो. पण कोकणी वाचतो ती रोमन लिपीत. चार शतकांच्या पोर्तुगीज अमलाचा तो परिणाम आहे. त्याची मिस्साची आणि गायनांची पुस्तके रोमन लिपीत. १९१५ पासून निघणारे 'दोर म्हयन्याची रोटी' हे भक्तिपर मासिक रोमन लिपीत. १९३३ मध्ये सुरू झालेले 'वावराड्यांचो इश्ट' हे साप्ताहिक रोमन लिपीत. अशा घरातील मूल पहिलीत गेले आणि देवनागरी पाटी घेऊन घरी आले. ज्या आईने त्याला संध्याकाळच्या तेर्साच्या, म्हणजे जपमाळेच्या, सगळ्या प्रार्थना कोकणीत शिकविल्या होत्या, तिला त्याच कोकणीतील पहिलीचे पुस्तक वाचता येईना. भाषा तिची होती, अक्षरे तिची नव्हती. आणि चार वर्षे ही कसरत करून मूल पाचवीत गेले, की सगळे विषय एकदम इंग्रजीत. चौथीपर्यंत गिरविलेल्या देवनागरीचा पुढे उपयोग हिंदीच्या तासापुरता.

देवनागरीचा आग्रह धरणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. एका भाषेला एक लिपी असावी, साहित्य आणि पाठ्यपुस्तके विखुरली जाऊ नयेत, गोव्यातील हिंदू आणि ख्रिस्ती मुलांनी निदान पहिली चार वर्षे तरी एकाच पुस्तकावर शिकावे, हा विचार क्षुद्र नव्हता. पण त्यासाठी पालकांना काही शिकवावे लागेल, घराघरांत दोन्ही लिप्यांतील पुस्तके न्यावी लागतील, याची कोणतीही तजवीज झाली नाही. धोरण मुलासाठी आखले गेले आणि त्यात आईचा विचारच नव्हता.

वीस वर्षांनी त्याचा स्फोट झाला. 'फोरम फॉर राइट्स ऑफ चिल्ड्रन टू एज्युकेशन', म्हणजे 'फोर्स', या नावाने पालक संघटित झाले. माध्यम कोणते हे सरकार ठरविणार नाही, आम्ही ठरवू, ही त्यांची मागणी. २०११ च्या मे-जूनमध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला आणि चर्चच्या शाळा बघता बघता कोकणीतून इंग्रजीत गेल्या. विरोधात भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. त्यात कोकणीवादी आणि मराठीवादी, म्हणजे १९८० च्या दशकात राजभाषेवरून एकमेकांशी भांडलेले लोक, प्रथमच खांद्याला खांदा लावून उभे होते. १९९० चे धोरण आणणाऱ्या शशिकलाताईही त्यांच्यात होत्या.

पुढचा इतिहास राजकारणाचा आहे आणि तो थोडक्यात सांगून संपविता येईल. मार्च २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर सत्तेवर आले ते मंचाच्या सदिच्छेने आणि कॅथलिक मतदारांच्याही साथीने. दोघांना एकाच वेळी खूश ठेवणे शक्य नव्हते. त्यांनी इंग्रजीकडे वळलेल्या अल्पसंख्याक शाळांचे अनुदान चालू ठेवले. मंच दुखावला. ऑगस्ट २०१६ मध्ये सुभाष वेलिंगकर यांना संघाच्या गोवा प्रमुखपदावरून दूर करण्यात आले, त्यांनी वेगळी चूल मांडली, आणि २०१७च्या निवडणुकीत त्यांच्या गोवा सुरक्षा मंचाला एकही जागा मिळाली नाही. मतदारांनी माध्यमाच्या प्रश्नावर सरकार पाडले नाही, एवढे खरे. कॅथलिक घरांतच नव्हे, तर हिंदू घरांतही इंग्रजीची ओढ तेवढीच होती, हे कारण उघडपणे कोणी बोलले नाही.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने तात्त्विक प्रश्न निकालात काढला होता. ६ मे २०१४ या एकाच दिवशी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दोन निकाल दिले. कर्नाटक सरकारच्या प्रकरणात न्यायालय म्हणाले, की प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच घ्या अशी सक्ती राज्याला करता येणार नाही. मुलाची मातृभाषा कोणती हे ठरविण्याचा अधिकार पालकांचा. कलम ३५०अ राज्यांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगते, सक्ती करण्यास नव्हे. दुसऱ्या, 'प्रमती' प्रकरणात न्यायालयाने ठरविले, की २००९चा शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होणार नाही. या दुसऱ्या निकालाविषयी सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन सदस्यीय पीठाने सप्टेंबर २०२५ मध्ये शंका उपस्थित करून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठविले. पहिला निकाल मात्र भक्कम उभा आहे. 'फोर्स'चे पालक जे रस्त्यावर मागत होते, ते घटनापीठाने साऱ्या देशातील पालकांना दिले.

हा निकाल योग्यच होता, असे माझे मत आहे. मुलाच्या तोंडात कोणती भाषा घालायची हे सरकारने ठरवू लागणे धोक्याचे. गोव्याला तर हे कोणी सांगायला नको. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांत कोकणी सोडा, पोर्तुगीज बोला, असा हुकूम काढला होता. हुकूम विरला, कोकणी राहिली. पण न्यायालय हक्काविषयी बोलू शकते. त्या हक्काच्या जोडीचे कर्तव्य पार पाडले जाते की नाही, हे पाहण्याचे साधन त्याच्याकडे नाही. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देणे हे आईवडिलांचे मूलभूत कर्तव्य म्हणून ५१अ कलमात घातले. त्या कर्तव्याची मर्यादा शाळेच्या फाटकापर्यंत आहे. चर्चच्या कायद्यातील कर्तव्य फाटकापाशी संपत नाही. खरे तर ते मूल घरी परतल्यावर सुरू होते.

मग हक्क मिळाल्यावर घरात काय घडले? देवनागरीचे पुस्तक गेले, इंग्रजीचे आले. शिकलेल्या, पणजी-मडगावच्या नोकरदार घरांत आईला ते वाचता येते, आणि तिथे प्रश्न सुटला. पण सासष्टी-बारदेशच्या खेड्यांतील, चौथी-सातवीवर शाळा सुटलेल्या आईला इंग्रजी गोष्टीचे पुस्तकही तितकेच परके आहे. पूर्वी तिला निदान पुस्तकातील भाषा ऐकून कळत होती. आता अक्षरे ओळखीची आहेत आणि भाषा कळत नाही. तिच्या हाती उरते ते शिकवणीचे शुल्क भरणे. पालकांची निवड म्हणून जे विजयाने मिळविले, त्यातून पालकच अभ्यासाच्या टेबलावरून उठून गेले, हा त्यातला विरोधाभास.

त्यात आणखी एक गाठ आहे, आणि ती भाषेची नाही. गोव्यातील किती घरांत वडील वर्षातले आठ-नऊ महिने नसतात, याचा विचार करा. जहाजांवर नोकरी करणाऱ्यांना तिथे 'तारवटी' म्हणतात. या पेशाची परंपरा काही पिढ्यांची आहे. त्यानंतर आखाती देश आले. त्यानंतर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वारसांना मिळणाऱ्या पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधाराने इंग्लंड, आणि तेथील स्विंडनसारखी गावे. इंग्रजी माध्यमाचा आग्रह या वाटेवरूनच आलेला आहे. त्याला केवळ गुलामी मनोवृत्ती म्हणणे अन्यायाचे होईल. बाप मुलाच्या शाळेसाठी समुद्रावर जातो, आणि समुद्रावर गेल्यामुळे मुलाच्या संगोपनात तो नसतो. त्याचे कर्तव्य त्याने पैशाच्या रूपाने घरी पाठविलेले असते. संध्याकाळी घंटा झाल्यावर मुलाला जवळ बसवून तेर्स म्हणायला लावते ती आजी. तिची कोकणी पक्की, तिची श्रद्धा पक्की, आणि नातवाच्या इंग्रजी धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेतील ओळ तिला वाचता येत नाही.

गोव्यात निदान भांडण झाले. वसईत तेवढेही झाले नाही, म्हणून तिथला प्रकार अधिक विचार करायला लावणारा आहे.

वसईचे ख्रिस्ती दोनशे वर्षे पोर्तुगीजांच्या आणि १७३९ नंतर मराठ्यांच्या अमलाखाली राहिले. त्यांच्या घरातील बोली सामवेदी, वाडवळी किंवा कोळी. वाचायची-लिहायची भाषा मराठी, आणि लिपीचा कसलाही वाद नाही. धर्मग्रामांनी चालविलेल्या मराठी शाळांतून तिथल्या पिढ्या शिकल्या. व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिन सोडून लोकभाषेत आली तेव्हा वसईला ती मराठीत आली, आणि घरातील, शाळेतील व वेदीवरील अक्षर एक झाले. त्या जुळणीतून काय निघाले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. थॉमस डाबरे यांनी तुकारामाच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला आणि १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताचे ते पहिले बिशप झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक सुमारे पाव शतक संपादित केले, बायबलचे 'सुबोध' मराठी रूप सिद्ध केले, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. सिसिलिया कार्व्हालोंसारख्या लेखिका याच मातीतल्या. हे कोणी सरकारी धोरणाने घडविले नाही. आईला वाचता येणारे पुस्तक मुलाच्या दप्तरात होते, एवढेच.

जुलै २०२४ मध्ये दिब्रिटो गेले. त्यांच्या निधनानंतर मराठी वृत्तपत्रांनी भरभरून लिहिले, ते योग्यच होते. पण त्यांचे वाचक असणाऱ्या घरांतील नातवंडे आता काय वाचतात, हा प्रश्न कोणी विचारला नाही. वसई-विरारच्या बंगली-वाड्यांतील बहुतेक ख्रिस्ती मुले आज इंग्रजी शाळेत आहेत. कोणी मोर्चा काढला नाही, कोणी अनुदान मागितले नाही, कोणते सरकार डळमळले नाही. पालकांनी आपापले अर्ज भरले आणि मराठी वर्ग एकेक करून रिकामे झाले. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला, त्यामुळे मूल मराठी वाचू शकते. पण अडखळत, परीक्षेपुरते. चर्चमध्ये गेल्यावर त्याला इंग्रजी मिस्सा बरी वाटते, म्हणून इंग्रजी मिस्सा वाढतात, आणि त्या वाढल्या म्हणून मराठीची गरज आणखी कमी होते. गोव्यातील आईला तिची अक्षरे मिळाली नव्हती. वसईतील आईला ती मिळालेली होती. तिने ती आपल्या हाताने बाजूला ठेवली, आणि तेही मुलाच्या भल्यासाठी.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय निघाला, वादळ उठले आणि जूनअखेर सरकारला माघार घ्यावी लागली. मराठीचा अभिमान त्या दोन महिन्यांत उफाळून आला. आपल्या मुलांना इंग्रजी माध्यमात घालून दुसऱ्यांच्या मुलांच्या मातृभाषेची काळजी वाहणाऱ्यांचा त्यात भरणा किती होता, हे मोजण्याची सोय नाही. गोव्यातही 'फोर्स'च्या पालकांनी विरोधकांना हाच प्रश्न केला होता आणि त्याचे सरळ उत्तर त्यांना मिळाले नाही.

ख्रिस्ती पालकांच्या जबाबदारीचा विचार करताना आणखी एका समाजाला वगळून चालणार नाही, जो समुद्रकिनाऱ्यापासून फार दूर आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात आणि मराठवाड्यात अमेरिकन मिशन आणि इतर मिशनांच्या काळात ख्रिस्ती झालेली कुटुंबे बहुतांशी पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतील आहेत. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आधी हिंदूंपुरत्या ठेवल्या, मग १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला गेला. नोकरीत, शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींच्या सवलती नाहीत, तेव्हा वर चढण्याची मुख्य शिडी म्हणजे शाळा. पोटासाठी गाव सोडून हिंडणाऱ्या आईवडिलांना मुलाला मिशनच्या बोर्डिंगात ठेवणे हेच कर्तव्य वाटत आले. मुलाला स्वतःपासून दूर करणे हेच त्यांचे संगोपन. त्यांना घरात बसून मुलाला प्रार्थना शिकवा, असे सांगण्याचा अधिकार निदान वर्तमानपत्रात लिहिणाऱ्याला नाही. आईवडील प्रमुख शिक्षक, असे जाहीरनामा म्हणतो तेव्हा घर, वेळ आणि अक्षरओळख यांचे गृहीत धरलेले भांडवल या कुटुंबांपाशी नाही.

मराठी ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाची जाण मात्र जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे मुलीच्या धार्मिक वळणाविषयी वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे मतभेद झाले. त्यांच्या पत्रव्यवहारात ते ठसठशीत दिसतात. ज्यांनी आपल्याला आसरा दिला त्यांनाही ही बाई ठणकावून सांगते, की मुलीचे काय करायचे ते आई ठरवील. पण रमाबाई हक्कापाशी थांबल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले, ते संस्कृतप्रचुर नको, साध्या बायकांना समजेल असे हवे, म्हणून. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते छापले गेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्ण बाहेर पडले. त्याआधी तीन शतके फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले, ते नव्या ख्रिस्ती कुटुंबांना वाचायला, ऐकायला त्यांच्या भाषेत काही असावे म्हणून. आणि छापले रोमन लिपीत. लिपी कोणतीही असो, घरात कोणी तरी वाचून दाखवील आणि बाकीचे ऐकतील, ही त्यामागची अपेक्षा.

आज त्या अपेक्षेला धरून काय करता येईल, याचे उत्तर फार मोठे नाही आणि त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. गोव्याच्या आर्चडायोसिसला धर्मशिक्षणाची पुस्तके डाव्या पानावर रोमन कोकणी आणि उजव्या पानावर इंग्रजी अशी छापता येतील. आजी डावे पान वाचील, नातू उजवे. हवे तर खाली देवनागरीची ओळ, म्हणजे चौथीपर्यंत कोकणी शिकलेल्या मधल्या पिढीलाही ते पुस्तक आपले वाटेल. वसईत मराठी-इंग्रजी जोडपानांना तर लिपीची अडचणही नाही. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या आधी मुलांची तयारी कित्येक महिने चालते, पालकांना मात्र बहुधा एखाद-दुसऱ्या बैठकीला बोलावले जाते, आणि त्या बैठकीत अधिक वेळ कपडे, फुले आणि छायाचित्रकार यांवर जातो. त्याऐवजी पालकांचाही वर्ग घेता येईल, आणि जे वडील जहाजावर आहेत त्यांना त्यात दूरध्वनीच्या पडद्यावरून बसविता येईल. ज्या शाळांत पालक-शिक्षक सभा केवळ गुणपत्रिका वाटण्यापुरती उरली आहे, तिथे आईला कोणत्या भाषेत वाचता येते, एवढे एक विचारून नोंदवून ठेवले, तरी शिक्षकाला घरी काय पाठवायचे आणि काय नाही हे कळेल. प्रवेशअर्जावर मुलाच्या मातृभाषेचा रकाना आहे. पालकांना वाचता येणाऱ्या भाषेचा रकाना अजून तरी माझ्या पाहण्यात आलेला नाही.